मेंदूचा टीबी आणि तारापेशीचे पाय

संपादकांना मेंदूच्या टीबीवर लेख हवा होता. मी मात्र जंतूपेक्षा मेंदूतल्या एका पेशीतच अडकलो. तिचं नाव अ‍ॅस्ट्रोसाइट, मराठीत तारापेशी.

पण सुरुवात रुग्णापासून करू. आष्टी हे वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं तालुक्याचं गाव. तिथल्या कुणाचा ताप हटेना, डोकं ठणकतच राहिलं, उलट्या झाल्या आणि माणूस बरळायला लागला, तर मोठ्या दवाखान्याची वाट धरावी लागते. जिल्ह्यात अशी एक मोठी जागा म्हणजे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय.

अशा रुग्णाच्या निदानासाठी मेंदूभोवती खेळणारं पाणी पाठीतून काढतात. रुग्णाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, कमरेच्या दोन मणक्यांमध्ये सुई जाते आणि बाटलीत थेंब पडू लागतात. ‘पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ ही भीती घरोघरी आहे, पण ती खरी नाही. निरोगी माणसाचं हे पाणी नितळ असतं. टीबीत त्यातली साखर घटते, प्रथिनं वाढतात, आणि नमुना ठेवून दिला तर कधीकधी त्यात कोळिष्टकासारखी जाळी धरते. प्रथिनं वाढली याचा अर्थ रक्त आणि हे पाणी यांच्यामधला अडसर ढिला पडला.

असा अडसर असल्याची खूण 1885 मध्ये पॉल एर्लिख यांना दिसली. प्राण्याच्या रक्तात रंग सोडला, सगळं शरीर रंगलं, मेंदू कोरा राहिला. 1913 मध्ये एडविन गोल्डमन यांनी त्याच प्रकारचा रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला. म्हणजे मेंदू रंग घेत होता, रक्तातून तो पोचत नव्हता.

अडवतं कोण, यावर बराच काळ बोट तारापेशीकडे होतं. तिचे पाय केशवाहिनीला बोटांनी दोरी आवळावी तसे वेढून असतात. 1967 मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की खरी अटक वाहिनीच्या अस्तराच्या पेशी करतात. त्यांच्या सांध्यांतून काही झिरपत नाही. मग तारापेशीचं काम काय? 1987 मध्ये जँझर आणि रॅफ यांनी उंदराच्या डोळ्यात तारापेशी सोडल्या. त्यांच्यात शिरलेल्या वाहिन्या मेंदूतल्यासारख्या घट्ट झाल्या. 2010 मध्ये पुन्हा वळण आलं: गर्भात अडसर तारापेशींच्या आधीच, वाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइट पेशींच्या मदतीने तयार होतो. आज चित्र असं आहे की तारापेशी अडसर उभारत नाही, तो टिकवते. सोनिक हेजहॉगसारखे संदेश ती अस्तराला पाठवत राहते आणि तिच्या पायांवरच्या अ‍ॅक्वापोरिन-4 या वाटांनी पाण्याची ये-जा होते. मला ही चिवट देखभालच विलक्षण वाटते.

हीच देखभाल डॉक्टरांना जड जाते. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूपर्यंत बऱ्यापैकी पोचतात. रिफॅम्पिसिनचा मात्र रक्ताच्या तुलनेत थोडाच अंश तिथे मिळतो. स्ट्रेप्टोमायसिन तर सूज असेपर्यंतच आत शिरतं. सूज उतरली, रुग्णाला बरं वाटू लागलं, की अडसर पुन्हा आवळतो आणि अशा औषधांची वाट आणखी अरुंद होते. जंतू मात्र आतच दबा धरून बसलेला असू शकतो. म्हणून छातीच्या साध्या टीबीला 6 महिने पुरतात, तिथे मेंदूच्या टीबीला 9 ते 12 महिने औषध द्यावं लागतं. घरची माणसं नेमकी इथेच चुकतात. रुग्ण उठून बसला, जेवू लागला, की गोळ्या थांबतात.

तेव्हा दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. डोकेदुखी आणि उलट्यांसह ताप आठवडाभर हटला नाही, तर गावातल्या सुया टोचून घेत बसू नका, मोठ्या दवाखान्यात जा. आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर गोळी बंद करू नका.