बारा बोरमधले बारा कोण? सयाजीगंजातला एक साचा आणि हरणाची गोष्ट

'बारा बोरची बंदूक' हे आपण सर्रास म्हणतो. बारा म्हणजे बारा काय, असं विचारलं की बहुतेक लोक नळीच्या भोकाकडे बोट दाखवतात. पण हे बारा मिलिमीटर नव्हेत आणि सूतही नव्हेत. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या ओतायच्या, आणि त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. सोळा गोळ्या झाल्या तर सोळा बोर. म्हणूनच आकडा वाढतो तसं भोक बारीक होतं. गोळी घरी ओतायची वस्तू होती, त्या काळातलं हे माप आहे. काडतुसं आली, घरचं ओतणं गेलं, माप तेवढं राहिलं.

याच्या खोलात जायचं कारण म्हणजे सयाजीगंजातल्या एका मराठी घरातला पितळी साचा. माळा रिकामा करताना तो जुन्या भांड्यांबरोबर मोडीत निघाला होता. अडकित्ता समजले होते. चूक त्यांची नाही, दिसतो तसाच: दोन दांड्या, मधे खीळ. पण मिटल्यावर तोंडाशी सुपारीची जागा नाही, गोल पोकळी आहे, आणि तिच्या वर शिसं ओतायचं छोटं भोक.

त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. खापरपणजोबा गायकवाडी शिलेदार. मकरपुऱ्याच्या रानात त्यांनी घरी ओतलेल्या गोळीने, तेही पिस्तुलातून, हरिण पाडलं. पिस्तूल आता नाही. भिंतीवर पिळाची शिंगं आहेत आणि आता हा साचा सापडलाय. गोष्ट खरी असेल का, असं त्यांनी मला विचारलं. इंजिनिअर माणसाला असं विचारलं की तो आधी व्हर्नियर काढतो.

पोकळीचा व्यास १६.२ मिलिमीटर भरला. शिशाची घनता ११.३४ धरली की गोळीचं वजन येतं सव्वापंचवीस ग्रॅम, जुन्या हिशेबात सव्वादोन तोळ्यांच्या थोडं नीचे. पौंडात अशा अठरा गोळ्या होतात. म्हणजे अठरा बोर? तसं नाही. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा जरा लहान घेत आणि तेलकट चिंधीत गुंडाळून गजाने आत ठासत. सोळा बोरची नळी १६.८ मिलिमीटरची असते, उरलेलं ०.६ मिलिमीटर चिंधीचं. हिशेब चोख बसतो.

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचं गणित बरोबर उलटं. तिथे गोळी कोठ्यापेक्षा किंचित मोठी ओततात. दांडीने दाबली की शिशाची बारीक कडी कापली जाऊन ती घट्ट बसते. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची गोळी जेमतेम साडेनऊ मिलिमीटरची, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. तेव्हा आपला साचा रिव्हॉल्व्हरचा नक्कीच नाही.

मग पिस्तुलाची शक्यता संपली का? नाही, एक वाट उरते. त्या काळात हौद्यातली पिस्तुलं असत: आखूड, जाडजूड, बहुधा दोन नळ्यांची, आणि सोळा बोरचीही. जखमी वाघ हत्तीवर चढून आला तर अगदी अंगावर झाडायचं हत्यार. हरणावर ते चालेल का, हे कागदावर मांडून बघू. आखूड नळीत दारूला जोर धरायला वेळच मिळत नाही. गोळीचा वेग सेकंदाला २०० मीटर धरू. काळवीट ८० मीटरवर असेल तर गोळीला ०.४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती जवळजवळ ७८ सेंटिमीटर खाली येते. काळविटाची खांद्याशी उंचीच साधारण ८० सेंटिमीटर! छातीवर नेम धरलात तर गोळी जनावराच्या अलीकडे मातीत. लांब नळीच्या बंदुकीत वेग दुप्पट धरला तर हीच घसरण २० सेंटिमीटरवर येते. हवेचा अडथळा मी यात धरलेला नाही. धरला तर पिस्तुलाची गत आणखी वाईट. २० मीटरवर मात्र पिस्तुलाची गोळी पाचच सेंटिमीटर उतरते.

म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की काळविटाच्या २० मीटरवर जाणार कसं?

इथे बडोदं कामाला येतं. खंडेराव महाराजांना (कारकीर्द १८५६ ते १८७०) शिकारीचा मोठा नाद. मकरपुऱ्याचा राजवाडा त्यांचाच. बडोद्याची नावाजलेली शिकार होती ती चित्त्याची, म्हणजे शिकवलेल्या चित्त्याकडून करवलेली. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत बसवून कळपाकडे नेत. काळवीट माणसाला बुजतं, पण शेतावरच्या गाडीला बुजत नाही, कारण ती ते रोज बघतं. पुरेसं जवळ गेल्यावर टोपी काढायची, चित्ता सोडायचा. त्याने हरिण पाडलं की चित्तेवान धावत जाऊन हरणाचा गळा कापी आणि लाकडी पळीत रक्त धरून चित्त्याला पाजी, म्हणजे तो पकड सोडी. या सगळ्यात पिस्तुलाला जागाच नाही. पडलेल्या जनावराजवळ कोणी ते झाडलं असेल तर त्याला हरिण 'पाडणं' म्हणता येत नाही.

त्यामुळे माझं मत असं: घरी ओतलेल्या गोळीची गोष्ट खरी, हरणाचीही खरी असू शकते, पिस्तूल मात्र मागाहून चिकटलं असावं. हा साचा ठासणीच्या सोळा बोर बंदुकीचा आहे. घरच्यांचा जरा हिरमोड झाला, पण मला विचाराल तर बंदुकीची गोष्ट जास्त मोलाची. पिस्तूल मिरवायचं, बंदूक रोज वापरायची. साच्याच्या कडा झिजल्यात त्या वापरानेच.

ओतायची रीत सोपी दिसते, तशी नाही. शिसं ३२७ अंशाला वितळतं, चुलीवरच्या लोखंडी पळीतही. पण साचा गार असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात. पहिल्या काही गोळ्या परत पळीत टाकाव्या लागत. शिसं थिजताना आकसतं, म्हणून भोकाशी खळगा राहू नये याकरता वर थोडं जास्त ओतत; त्याचं शेपूट नंतर कापत. हे सगळं स्वयंपाकघराच्या आसपासच चाले. शिशाची धूळ आणि वाफ पोटात गेली तर काय होतं, ते आज आपल्याला माहीत आहे. कोणी हौसेने करून बघू नये. शिवाय शस्त्र कायदा १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो बनवायची यंत्रसामग्रीही धरलेली आहे.

भिंतीवरच्या शिंगांचं सांगायचं तर ती काळविटाचीच: पिळाची, बिनफाट्याची. चितळ-सांबराची शिंगं फाटे फुटलेली असतात आणि दरवर्षी गळतात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अशा शिंगांचे मालकीचे कागद लागतात. ते आहेत का हे त्यांना आधी बघायला सांगितलंय. ज्याच्यासाठी गाड्या जुंपत तो चित्ता १९५२ मध्ये देशातून नामशेष जाहीर झाला. २०२२ मध्ये कुनोला आणले ते आफ्रिकेतले.

तुमच्या माळ्यावर असा 'अडकित्ता' निघाला तर चिंच लावून घासू नका. आतलं जुनं शिसं आणि कडांची झीज हाच त्याचा इतिहास. पोकळीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, त्याचा घन करा, ०.००५९४ ने गुणा. गोळीचं वजन ग्रॅममध्ये मिळेल. ४५३.६ ला त्याने भागलं की पौंडात किती गोळ्या ते कळेल. दांड्यांवर आकडा किंवा कारागिराचा छाप असला तर त्याचा फोटो तिरप्या उजेडात काढा, आणि मंडळाकडे पाठवताना शेजारी फूटपट्टी ठेवायला विसरू नका.