परदेशातील आपली मुले आणि नाताळ

एके काळी परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या वस्तीतील माणसांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहत असे. ते म्हणजे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेले बाबासाहेब. आज ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी या भागांतील किती तरी घरांतील मुले-मुली इंग्लंड-अमेरिकेत, कॅनडात आणि जर्मनीत आहेत. कोणी शिष्यवृत्तीवर गेले, कोणी कंपनीच्या कामासाठी गेले आणि तेथेच राहिले. त्यांची मुले तिकडच्या शाळेत जातात. डिसेंबर महिना लागला की या घरांतून पुण्याला फोन येतात आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो. मुलांसाठी नाताळ साजरा करावा की नाही?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. घरात एक झाड आणले, चार दिवे लावले, केक कापला, तर बिघडले काय, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष बहुधा आजी-आजोबांचा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्यांची मुले आज सत्तरीच्या घरात आहेत. घरातल्या कोनाड्यातील देव आपल्या आईवडिलांनी कसे उतरवले आणि नदीत सोडले, हे त्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. एवढे करून आपण दुसऱ्याचा देव घरात आणायचा काय, हा त्यांचा सवाल आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बावीस प्रतिज्ञांत नाताळचा उल्लेख नाही. पहिल्या तीन प्रतिज्ञांत ज्यांची उपासना करायची नाही त्या देवदेवतांची नावे आहेत, चौथीत देवाच्या अवतारावर विश्वास ठेवायचा नाही असे आहे. पण ‘यादीत नाव नाही, म्हणून चालेल’ असा अर्थ काढणे म्हणजे प्रतिज्ञा आमच्या बँकेच्या परिपत्रकासारख्या वाचणे होय. परिपत्रकात पळवाट शोधणारे आम्ही कारकून असतो, उपासकाने तसे करू नये. पुढच्याच प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची आणि मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. नाताळच्या निमित्ताने या दोन्हींचा प्रसंग येतो, तो झाडाच्या प्रसंगापेक्षा मला मोठा वाटतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी शाळेचे पाहू, कारण प्रश्न बहुतेक वेळा तेथूनच घरात शिरतो. अमेरिकेत १९६२ व १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांनी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणे आणि बायबलचे वाचन करवणे घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे तेथील सरकारी शाळेत दिवे, गाणी, कागदी तारे असतात, पण धर्मोपदेश करता येत नाही. इंग्लंडमध्ये उलट आहे. तेथे १९४४ च्या कायद्याने शाळेत रोजची सामुदायिक प्रार्थना आली आणि १९८८ च्या कायद्याने ती मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची असावी असे ठरले, परंतु पाल्याला तीतून वगळण्याची मागणी करण्याचा हक्क पालकांना आहे. आपल्या अनेक पालकांना हा हक्क माहीतच नसतो. माझे मत विचाराल तर शाळेतील नाटकात मुलीने देवदूत व्हावे की मेंढपाळ, यावर हा हक्क खर्च करू नये. नाटकातला पोशाख घातल्याने कोणाची श्रद्धा बदलत नाही. प्रार्थनेला हात जोडायला लावत असतील, तर मात्र शिक्षकांना शांतपणे सांगावे की आमच्या घरी ईश्वराची प्रार्थना नाही, बुद्धवंदना आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वांटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्म स्वतः स्वीकारलेल्या या बाईंनी देखील आपल्या मुलीला कोणती शिकवण द्यायची, यावरून तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. मूल कोणत्या देशात वाढते आहे याने त्याच्या शिकवणीचा अधिकार आईकडून निघून जात नाही, हे त्यांनी दाखवून दिले. इकडे पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतली म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर बहिष्काराचा खटला चालला आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्याच शहरात १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. दुसऱ्याच्या घरचे खाल्ल्याने-प्यायल्याने बाटणारा धर्म कोणाचा होता हे आपण जाणतो. आपण तो उचलण्याचे कारण नाही. शेजाऱ्याने नाताळचा केक दिला तर तो घ्यावा, आनंदाने खावा आणि वैशाख पौर्णिमेला त्याच्या घरी खीर पाठवावी.

शिवाय नाताळ आपल्याला परका तरी कोठे आहे? अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्या भागातील महार-मांग समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. आपल्यापैकी कित्येकांच्या भावकीतील एक शाखा ख्रिस्ती आहे आणि नाताळात त्यांच्याकडून करंज्या-चकल्या येतात. १९५६ नंतरही हे येणे-जाणे तुटले नाही. तेव्हा नाताळचा द्वेष मुलांना शिकवायचा नाही, एवढे पक्के.

आता सान्ताक्लॉजकडे येतो. तिकडे मुलांना सांगतात की वर्षभर चांगले वागणाऱ्या मुलांना तो रात्री येऊन भेटी ठेवून जातो. मुले यावर मनापासून विश्वास ठेवतात आणि आईवडील तो विश्वास जपतात. माझ्या परिचयाच्या एका घरातील गोष्ट आहे. परदेशातील सहा वर्षांच्या नातीने व्हिडिओ कॉलवर विचारले, “आजी, तू लहानपणी वाईट वागायचीस का गं? तुला सान्ता कधीच काही कसं देत नव्हता?” आजीचे बालपण दुसऱ्यांच्या शेतावर गेले. वर्षाकाठी एक परकर मिळाला तरी पुष्कळ. तिने हसून विषय बदलला, पण पुढच्या रविवारी विहारात ती मला म्हणाली, “पोरीचं काही चुकलं नाही भाऊ. तिला जे सांगितलं, त्याचा हिशोब तिने बरोबर मांडला.”

हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. चांगल्याला मिळते, म्हणजे ज्याला मिळाले नाही तो वाईटच असला पाहिजे. शेजारच्या श्रीमंत मुलाला सायकल मिळाली आणि वर्गातल्या गरीब मुलाला काहीच मिळाले नाही, तर गरीब मुलगा वाईट ठरतो. गतजन्मीच्या पापामुळे हलक्या जातीत जन्म मिळतो, असे आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षे सांगितले गेले, त्याचाच हा गोड, तांबड्या टोपीतला अवतार आहे. माणसाचे दारिद्र्य आणि त्याचा हीन दर्जा त्याच्या पूर्वकर्माच्या माथी मारणारी ही शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात फेटाळली आहे. ती आपण सुट्टीतली गंमत म्हणून मुलांच्या उशाखाली ठेवू नये.

म्हणून भेट द्यावी, पण ‘ही आईबाबांनी आणली’ असे सांगून द्यावी. त्यात खोटे बोलणे नाही आणि मुलाचा आनंदही कमी होत नाही. वाटल्यास खऱ्या निकोलसची कथा सांगावी. तो चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावी बिशप होता आणि एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री गुपचूप सोने ठेवले, अशी आख्यायिका आहे. (हुंडा तेथेही होता, हे वाचून मला गंमत वाटली.) या कथेत देणारा माणूस आहे आणि घेणाऱ्याला कोणी चांगुलपणाचा दाखला विचारलेला नाही. मात्र इतर मुलांना शाळेत जाऊन ‘सान्ता खोटा आहे’ असे सांगू नये, एवढे आपल्या मुलाला बजावावे. ते सांगणे त्या मुलांच्या आईबापांचे काम आहे.

परंतु नाताळचे काय करायचे एवढ्यावर थांबणारे पालक एक मोठी गोष्ट विसरतात. २५ डिसेंबर हा आपलाही दिवस आहे. १९२७ साली याच तारखेला रात्री महाड येथे सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. दहनात पुढाकार घेणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परिषद नाताळच्या आठवड्यात भरली, कारण इंग्रजी अमदानीत त्या आठवड्यात कोर्ट-कचेऱ्या बंद असत आणि सभा-अधिवेशने तेव्हाच घेण्याचा प्रघात होता. काँग्रेसचे पहिले अधिवेशनही १८८५ च्या डिसेंबरअखेर ठरले होते, तेही पुण्यात, पण कॉलऱ्यामुळे ते मुंबईला हलवावे लागले.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे सांगायला लागलो की एक अडचण येते, ती आधीच ध्यानात ठेवावी. तिकडच्या शाळेत १९३३ साली नाझींनी पुस्तके जाळल्याचे शिकवतात आणि पुस्तक जाळणारा वाईट, हे मुलाच्या मनात ठसलेले असते. ते योग्यच आहे. अशा वेळी घाईने गप्प करू नये. मुलाला सांगावे की तेथे सत्ता हाती असलेल्यांनी दुबळ्यांची पुस्तके जाळली. महाडला जमलेल्यांच्या हाती सत्ता तर नव्हतीच, चवदार तळ्याचे पाणी घेण्यालाही त्या वेळी कोर्टाच्या मनाईहुकुमाची आडकाठी होती. जो ग्रंथ शूद्राला आणि स्त्रीला माणूस म्हणून जगू देत नव्हता त्याचा अधिकार आम्ही मानत नाही, हे त्यांनी सर्वांसमक्ष जाहीर केले. विदेशी कापडाच्या होळीशी बाबासाहेबांनीच त्याची तुलना केली होती, आणि तशी होळी पुण्याने १९०५ साली पाहिली आहे. ज्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले तेच मुळी ग्रंथ ठेवण्यासाठी, ते पुस्तकांचे वैरी कसे असतील, हेही मुलाला विचारावे. मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट सांगावी. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, आणि आज हा दिवस अनेक संघटना भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात.

तिकडच्या शाळांची सुट्टी बहुधा नव्या वर्षापर्यंत चालते. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. १८१८ च्या त्या लढाईच्या विजयस्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली होती. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. नऊ-दहा दिवसांत तीन दिवस आपले आहेत आणि तिन्ही दिवशी मूल घरी असण्याचा संभव आहे. वैशाख पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला ते शाळेत असते आणि बापाला रजा मिळत नाही. इकडे आम्हा बँकवाल्यांना नाताळ, बुद्धपौर्णिमा आणि आंबेडकर जयंती या तिन्ही सुट्ट्या १८८१ च्या एकाच कायद्याखाली मिळतात. तिकडे ती सोय नाही.

एक गोष्ट जाता जाता लिहिली पाहिजे, कारण ती पालक फोनवर बोलत नाहीत. नाताळला गोऱ्या शेजाऱ्याकडे जाताना आपल्या माणसाला जेवढा संकोच वाटत नाही, तेवढा आपल्याच मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात जाताना वाटतो. तेथे आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, आणि मग बोलण्याचा सूर बदलतो. अमेरिकेतील सिॲटल शहराने २०२३ साली जातिभेदाला बंदी घालणारा ठराव केला, तो उगीच नव्हे. अशा वेळी काही पालक मुलाला ‘आपण कोण’ हे सांगण्याचेच टाळतात आणि नाताळच्या गर्दीत मिसळून जाणे त्यांना सोयीचे वाटते. त्या मंडळींची अडचण मी समजू शकतो. पण आडनावाचा प्रश्न मुलालाही एक दिवस कोणी तरी विचारणारच आहे, आणि त्या वेळी महाडची हकीकत त्याने आईच्या तोंडून ऐकलेली असणे बरे.

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. अमेरिकेत मेरीलँडमधील ॲकोकीक येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचा १९ फूट उंचीचा पुतळा उभा राहिला. सुट्टीत मुलांना घेऊन जायला ही ठिकाणे आहेत. आणि इकडच्या आजी-आजोबांनी २५ डिसेंबरच्या कॉलवर केक कसा झाला हे जरूर विचारावे, आणि मग महाडची गोष्ट स्वतःच सांगायला घ्यावी. ती आपल्या मराठीतच सांगावी. नातवंडाला चार शब्द अडले तर ते विचारील.