खारट घाम आणि रक्तातील साखर

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने एकदा अनुभवला आहे, त्याच्यापुढे त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. वैशाख लागला की लष्कर भागातील गल्ल्या भर दुपारी ओस पडतात, महाराज बाड्यावरची वर्दळ संध्याकाळवर ढकलली जाते, पारा ४५ अंशांच्या घरात जाऊन बसतो आणि घरातील माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. अशा दिवसांत एखादे मूल सारखे पाणी मागू लागले, रात्री लघवीसाठी दोन-तीनदा उठू लागले, खेळून लवकर दमू लागले, वजनात किलो-दोन किलोंनी उतरले, तर घरातील वडीलधारी माणसे एवढेच म्हणतात की, पोराला ऊन बाधले. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु मुलांचा एक लहानसा गट असा आहे की, त्यांच्या बाबतीत या उत्तरावर समाधान मानून चालत नाही. ही मुले म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस ही व्याधी जन्मतःच घेऊन आलेली मुले होत. त्यांच्या तहानेमागे ऊन असेल किंवा मधुमेहही असेल, आणि यांपैकी नेमके काय आहे, हे केवळ डोळ्यांनी पाहून कोणालाही सांगता येत नाही.

ही व्याधी आनुवंशिक आहे. सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असतो. तो दोष आई आणि वडील या दोघांकडून मुलाकडे आला, तरच व्याधी प्रकट होते. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. तथापि, अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक एवढा असतो. या जनुकाचे काम पेशींच्या आवरणातून क्षार आणि पाणी यांची ये-जा नीट राखण्याचे. ते बिघडले की शरीरातील जे स्राव पातळ आणि वाहते असावयाचे, ते दाट आणि चिकट होतात. छातीत कफ साचून राहतो व त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडातून आतड्यात येणारा पाचकरस वाटेतच अडतो, त्यामुळे खाल्लेले स्निग्ध अन्न पचत नाही आणि मूल भरपूर जेवूनही हाडकुळे राहते. याखेरीज घामातून मीठ प्रमाणाबाहेर निघून जाते. बाळाच्या कपाळाचा मुका घेतला असता तो खारट लागला, तर ते मूल फार दिवसांचे सोबती नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. तिच्या मुळाशी हीच व्याधी असावी.

या खारट घामाचे रहस्य उलगडले तेही उन्हाळ्यामुळेच. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले आणि त्याला स्वादुपिंडाच्या नावाने ओळख मिळाली. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात त्या शहरात उष्णतेची लाट आली. उष्म्याने कोसळून रुग्णालयात आणलेल्या मुलांत या रोगाची मुले आश्चर्य वाटावे इतकी अधिक असल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानी आले. डॉ. पॉल दि सांत-आन्येझे यांनी त्याचा माग घेतला आणि या मुलांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असते, हे १९५३ मध्ये सिद्ध केले. १९५९ साली हातावरच्या कातडीतून सौम्य विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने औषध आत सोडून घाम काढण्याची व तो तपासण्याची सोपी रीत निघाली. रोगनिदानासाठी आजही तीच प्रमाण मानतात.

भारतात मात्र हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे तो नाहीच, अशी समजूत पुष्कळ वर्षे टिकून राहिली. वस्तुतः १९६० नंतरच्या दशकापासून भारतीय डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदविलेले आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी घाम गोळा करण्याची कमी खर्चाची देशी पद्धत तयार करून २००२ मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय वंशाच्या मुलांत दहा हजारांत एक ते चाळीस हजारांत एक, असे या रोगाच्या प्रमाणाचे निरनिराळे अंदाज आहेत. हे प्रमाण लहान दिसते; पण आपल्या देशात दरवर्षी जन्मणाऱ्या बालकांची संख्या लक्षात घेतली की ते लहान राहत नाही. यांतील कित्येक मुले क्षयाची किंवा दम्याची म्हणून वर्षानुवर्षे औषधे घेत असतात. काही तान्ही मुले ऐन उन्हाळ्यात अंगातील मीठ व पाणी संपून निपचित पडतात, तेव्हा कोठे रोगाचा संशय येतो.

ग्वाल्हेरच्या एखाद्या घरात असे मूल असेल, तर निदान होईपर्यंत त्या घराने पुष्कळ पायपीट केलेली असते. शहरात जयारोग्य रुग्णालय आहे, १९४६ मध्ये स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्त्रिया व मुले यांच्यासाठी कमलाराजा रुग्णालय आहे. तरीही घामाची चाचणी आणि जनुकांची परीक्षा यांसाठी तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या दिल्लीची वाट अनेकांना धरावी लागते. एकदा निदान झाले, पाचक गोळ्या सुरू झाल्या, छातीचा कफ मोकळा करण्याचे व्यायाम अंगवळणी पडले, म्हणजे कठीण काम संपले, असे आईवडिलांना वाटते. आणि नेमक्या याच वेळी एक सोपे काम राहून जाते. ते म्हणजे मधुमेहाची वार्षिक तपासणी.

या मुलांना मधुमेह का व्हावा, हे समजण्यास फार खोलात जावे लागत नाही. स्वादुपिंडाला दोन कामे असतात. पाचकरस तयार करून आतड्यात सोडणे हे एक, आणि इन्सुलिन तयार करून रक्तात सोडणे हे दुसरे. पाचकरसाच्या नळ्या चिकट स्रावाने तुंबल्या की तो रस आतल्या आतच स्वादुपिंडाला खाऊ लागतो. निरोगी भागाच्या जागी तंतू आणि चरबी यांची वाढ होते. त्या पडझडीत इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींची बेटेही सापडतात. ती एकदम नष्ट होत नाहीत. कमी होतात, मंदावतात. जेवण झाल्याबरोबर जे इन्सुलिन यावयाचे ते उशिरा येते आणि अपुरे येते.

म्हणूनच हा मधुमेह इतर दोन्ही मधुमेहांहून निराळा आहे. मुलांना एरव्ही होणारा मधुमेह काही आठवड्यांत उग्र रूप धारण करतो. मूल बेशुद्धही पडते, आणि रोग लपून राहत नाही. प्रौढांचा मधुमेह बहुधा वाढलेल्या वजनाबरोबर येतो. सिस्टिक फायब्रोसिसमधील मधुमेह मात्र पावलांचा आवाज न करता येतो. थोडे इन्सुलिन शिल्लक असल्यामुळे बेशुद्धीची पाळी क्वचितच येते. सकाळी उपाशीपोटी पाहिले तर साखर ठीक असते. ती चढते ती जेवणानंतर, आणि काही तासांनी खाली येते. बाहेरून दिसते ते एवढेच: वजन वाढत नाही, उंची रेंगाळते, खोकल्याची दुखणी लवकर लवकर येतात. परंतु ही लक्षणे तर मूळ आजाराचीच! त्यातून ग्वाल्हेरचा उन्हाळा असला म्हणजे तहानेचा उलगडाही आयताच मिळतो. निदान होण्यापूर्वीची दोन-चार वर्षे अशा रीतीने वजन आणि फुफ्फुसांची शक्ती हळूहळू घटत असते, असे पाहणीत आढळले आहे.

यात धोका कोणता, असे कोणी विचारील. इन्सुलिन केवळ साखर आवरते असे नव्हे. खाल्लेल्या अन्नातून स्नायू बांधण्याचे कामही तेच करते. ते कमी पडले की शरीर स्वतःचेच मांस मोडून खर्च करू लागते. ज्या मुलाला श्वास घेण्यासाठीही बळ लागते, त्याला ही झीज परवडणारी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९२ पासून २००८ पर्यंत आपल्याकडील ८७२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांना मुलांत सुमारे २ टक्के, पौगंडावस्थेत १९ टक्के आणि विशी-तिशीत ४० टक्क्यांना मधुमेह आढळला. पूर्वी मधुमेह जडलेल्या रुग्णांत, विशेषतः मुली व स्त्रिया यांच्यात, मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. दरवर्षी तपासणी आणि लवकर उपचार सुरू झाल्यानंतर त्या काळात मधुमेह असलेल्या स्त्रियांतील हे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि स्त्री-पुरुष हा भेदही उरला नाही. वेळेवर केलेल्या एका साध्या चाचणीचे मोल यावरून कळून येईल.

आता ही चाचणी कोणती? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आजकाल मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची चाचणी सर्वत्र करतात. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, म्हणून ती सोयीचीही वाटते. पण या मुलांच्या बाबतीत तिचा निर्वाळा फसवा ठरू शकतो. त्यांच्या तांबड्या रक्तपेशी अल्पायुषी असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नुसती उपाशीपोटीची साखर किंवा लघवीतील साखर पाहणे हेही पुरेसे नाही. बोटाला सुई टोचून घरच्या यंत्रावर पाहिलेली साखर उपचार चालू असताना उपयोगी पडते, निदानासाठी नव्हे.

त्यासाठी ग्लुकोज पिऊन करावयाची दोन तासांची चाचणीच हवी. वयाच्या दहाव्या वर्षापासून ती दरवर्षी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मुलाची प्रकृती स्थिर असताना, निदान आठ तासांच्या उपवासानंतर, सकाळी ती करतात. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी चालणारा उपवास नव्हे. आणि तो निर्जळीही नव्हे, पाणी पिण्यास हरकत नसते. आधी एकदा रक्त घेतात. मग वजनाच्या प्रत्येक किलोमागे पावणेदोन ग्रॅम या हिशेबाने, पण ७५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, इतके ग्लुकोज पाण्यातून पाजतात. २८ किलो वजनाच्या मुलाला ४९ ग्रॅम पुरते. दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. त्या वेळी साखर १४० मिलिग्रॅमच्या आत असली तर चिंता नाही. १४० ते १९९ असली तर सावध राहावयाचे. २०० किंवा त्याहून अधिक, अथवा उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आढळली तर तो मधुमेह होय. मुलाला तहान, अति लघवी अशी उघड लक्षणे नसतील, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच निश्चित करतात. उन्हाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. काढलेले रक्त तसेच पडून राहिले तर त्यातील पेशी साखर संपवीत राहतात आणि उष्म्यात हे अधिक वेगाने घडते. म्हणून नमुना योग्य नळीत घेऊन प्रयोगशाळेत तत्काळ पोहोचला पाहिजे.

वार्षिक तपासणीखेरीजही काही प्रसंग ध्यानात ठेवावेत. छातीचे दुखणे वाढून मुलाला रुग्णालयात ठेवावे लागले, शिरेतून औषधे किंवा स्टेरॉइड सुरू झाले, तर पहिले दोन दिवस उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पाहतात. वजन कारणाशिवाय घटले किंवा वयात येण्याचे काम रेंगाळले, तर पुढील वर्षाची वाट पाहू नये. या व्याधीच्या मुळावर काम करणारी नवी औषधे निघाली आहेत. त्यांतील तीन द्रव्यांचे एक प्रभावी औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. परंतु त्यामुळे साखरेची तपासणी सोडून देता येत नाही.

निदान झाले तर उपचार इन्सुलिनचा. गोळ्यांवर भागत नाही. आणि येथेच मराठी घरातील प्रेमळ माणसांची खरी परीक्षा असते. मधुमेह म्हटला की आजी साखरेचा डबा उचलून ठेवते, काका तूप बंद करण्याचा सल्ला देतात, शेजारीण मेथी-कारल्याचा उपाय सांगते. इतर मधुमेही माणसाला त्यातील पथ्य लागू पडेलही. या मुलाला ते घातक आहे. त्याला एरव्हीच्या मुलांपेक्षा अधिक अन्न, अधिक तूप-लोणी आणि उन्हाळ्यात अधिक मीठही लागतेच. त्याच्या ताटातील घास कमी करावयाचा नसतो. त्या घासाला पुरेल इतके इन्सुलिन त्याला द्यावयाचे असते. नुसती गोड सरबते ग्लासामागून ग्लास पिणे तेवढे टाळावे. तहानेला मीठ घातलेले ताक उत्तम. मधुमेहाला पाच वर्षे झाली की डोळे आणि मूत्रपिंडे यांची तपासणीही दरवर्षी करून घ्यावी.

मूळ रोगाचे निदान दूरच्या रुग्णालयात, महागड्या साधनांनी करावे लागते. परंतु ही तपासणी ग्वाल्हेरमध्येच काय, कोणत्याही जिल्ह्याच्या गावी होऊ शकते. तिला लागते एक वजनकाटा, थोडे ग्लुकोज, एक घड्याळ, चांगली प्रयोगशाळा आणि सकाळचे अडीच तास. अडचण साधनांची नसते, आठवणीची असते. डॉक्टर दिल्लीचे, प्रयोगशाळा गावची, शाळा तिसरीकडे. आणि तारीख लक्षात ठेवणारे कोणीच नाही, असे होऊन जाते. म्हणून मुलाचा दहावा वाढदिवस झाला की तो महिनाच तपासणीचा महिना म्हणून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, आणि वजनाची व साखरेची एक वही ठेवून ती प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे उघडावी. मग पुढील वैशाखात मुलाने पाण्याचा तांब्या दुसऱ्यांदा मागितला, तर तो उन्हासाठी आहे की आणखी कशासाठी, याचा तर्क करीत बसावे लागणार नाही. वहीत त्याचे उत्तर लिहिलेले असेल.