शेळी गाभण राहत नाही? आधी गव्हाण पाहा

आपल्या वस्तीत ज्या घराला गुंठाभर शेत नाही, त्या घराच्या दारातही दोन-चार शेळ्या बांधलेल्या असतात. मुलांच्या शाळेची फी, दवाखाना, बचत गटाचा हप्ता, यांपैकी काहीही अंगावर आले की एक करडू विकले जाते. हा व्यवहार बहुतेक घरांत बायाच सांभाळतात. म्हणून शेळी वेळेवर गाभण राहिली नाही, किंवा तिने गाभ टाकला, तर तो फटका थेट घराला बसतो.

मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते करणी केली, कोणी नवस सांगते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. कारणाशिवाय काही घडत नाही, ही बुद्धांची शिकवण आहे. तेव्हा शेळीच्या बाबतीतही कारण शोधू या.

माज कसा येतो?

शेळी सुमारे 21 दिवसांनी आणि मेंढी सुमारे 17 दिवसांनी माजावर येते. याची सुरुवात मेंदूत होते. मेंदू आपल्या खालच्या एका लहान ग्रंथीला इशारा देतो. ती ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते. त्यामुळे अंडाशयातले बीज वाढते. वाढणाऱ्या बीजाभोवती इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन तयार होते आणि शेळी माजावर येते. ती सारखी ओरडते, शेपूट हलवते, खाणे कमी करते, तिचे निरण लाल होऊन सुजते, चिकट सोट दिसतो. हा माज साधारण 24 ते 36 तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड दाखवावा.

बीज सुटले की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार करते. गाभ टिकवण्याचे काम या हार्मोनचे. गर्भ तयार झाला असेल तर पंधरा-सतरा दिवसांच्या सुमारास तो आईच्या शरीराला आपण असल्याची खूण देतो, आणि पीतपिंड तसेच राहते. खूण मिळाली नाही तर गर्भाशय स्वतःच ते पीतपिंड विरघळवते आणि शेळी पुन्हा माजावर येते. यालाच आपण शेळी उलटली म्हणतो.

पोटाचा मेंदूला निरोप

आता यात चाऱ्याचा संबंध कुठे येतो? शरीरातली चरबी लेप्टिन नावाचे हार्मोन तयार करते. अंगात साठा आहे की नाही, हे त्यावरून मेंदूला कळते. शेळी खंगलेली असेल तर मेंदूला कळते की, या शरीराला स्वतःचेच भागत नाही, मग पिलाचे कसे भागणार? मग तो वरचा इशारा मंद करतो. शेळी माजावरच येत नाही, किंवा येते पण बीज कमी सुटते. जुळे देणारी उस्मानाबादी शेळीसुद्धा अशा वेळी एकच करडू देते, किंवा रिकामी राहते. ती भाकड झालेली नसते, तिच्या शरीराने आवरते घेतलेले असते.

शेळीची तब्येत हाताने तपासता येते. कमरेच्या मणक्यावरून बोटे फिरवा. मणक्याची टोके करवतीसारखी टोचत असतील तर ती बारीक आहे. टोके हाताला लागतात पण वर मांस आहे, तर ती योग्य आहे. मणका सापडतच नसेल तर ती जास्त लठ्ठ आहे, आणि फार लठ्ठ शेळीलाही गाभण राहायला अडचण येते.

बारीक शेळीला फळवण्याच्या दोन-तीन आठवडे आधी रोज 200 ते 300 ग्रॅम खुराक सुरू करावा: मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी शेंगदाणा पेंड. सुरुवात मूठभराने करून आठवडाभरात वाढवावा. फळल्यानंतरही दोन-तीन आठवडे तो चालू ठेवावा, कारण गर्भ रुजतो तो याच काळात. सोबत हरभऱ्याचे किंवा तुरीचे भुसकट, शेवरी, बाभळीच्या शेंगा द्याव्यात. सुबाभूळ चालते, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. स्फुरद, जस्त, तांबे, आयोडीन कमी पडले तरी माज अडतो, म्हणून क्षारमिश्रण द्यावे. मेंढीला मात्र गाईचे क्षारमिश्रण देऊ नये. त्यातले तांबे मेंढीला विषासारखे बाधते.

लग्नाच्या मांडवातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी शेळीपुढे ओतू नये. एकदम खूप धान्य पोटात गेले की पोटात आम्ल वाढते आणि शेळी एक-दोन दिवसांत दगावू शकते.

पाच महिने कसे सांभाळाल?

गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा. मेंढीत दोन महिन्यांनंतर वारही गाभ टिकवणारे हार्मोन पुरेसे तयार करते. शेळीत तसे होत नाही. तिचा गाभ शेवटपर्यंत त्या पीतपिंडावरच अवलंबून असतो. म्हणून उपासमार, मार, कुत्र्याने पाठलाग करणे, लांबचा प्रवास, जोराचा ताप यांनी शेळी मेंढीपेक्षा लवकर गाभडते. जंताचे औषध आवश्यक आहे, पण काही औषधे गाभणपणाच्या सुरुवातीला दिल्यास पिलात व्यंग येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

पिलाची जास्तीत जास्त वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. पोटात पिले मोठी झाल्याने चाऱ्याला जागा कमी उरते. अशा वेळी थोडा थोडा पण कसदार चारा दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. पोटात जुळी असलेली शेळी या दिवसांत खाणे सोडून सुस्त बसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा मोफत क्रमांक आहे.

दोष फक्त शेळीचा नसतो

वस्तीतल्या दहा शेळ्या एकाच वेळी उलटत असतील तर बोकड तपासा. बोकडाचे वीर्य तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. म्हणजे आज उपाशी राहिलेल्या, तापलेल्या बोकडाचा परिणाम दीड-दोन महिन्यांनी दिसतो. त्याचा खुराक दोन महिने आधी सुरू करावा. तोच बोकड आपल्याच मुलींना, नातींना लागू नये म्हणून दर दोन वर्षांनी बदलावा.

गाभ टाकला तर आपली काळजी

गाभ टाकण्यामागे ब्रुसेलोसिससारखा रोगही असू शकतो, आणि तो माणसाला होतो. पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांपुढे टाकू नका. गरोदर बाईने आणि मुलांनी तिथे जाऊच नये. दूध उकळूनच प्यावे. घरात कोणाला चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर-सांध्यांचे दुखणे आठवडे-आठवडे राहिले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे की आमच्याकडे शेळ्या आहेत. तसे सांगितले नाही तर टायफॉईड किंवा मलेरिया समजून भलतेच औषध चालू राहते. वेळेत निदान झाले तर हा रोग औषधाने बरा होतो, पण गोळ्या सुमारे सहा आठवडे पूर्ण घ्याव्या लागतात.

हाच नियम घरातही

पोटाचा आणि मेंदूचा हा निरोप माणसातही असाच चालतो. वयात येणाऱ्या मुलीचे वजन फार कमी असेल तर तिची पाळी उशिरा येते, किंवा येऊन थांबते. आपल्या घरांत सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवते ती बाई. मूल झाले नाही की बोल लागतो तोही तिलाच, नवऱ्याची तपासणी होतच नाही. दोघांनी मिळून दवाखान्यात जावे. आणि आज रात्री ताटे वाढताना मुलीच्या ताटात डाळ, भाजी, अंडे भावाइतकेच पडते का, तेवढे पाहावे.