गल्ल्यावरची चौकट, पुस्तकातली चौकट

दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी क्यूआर कोड आज प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या परिचयाचा आहे. ग्राहक त्यासमोर मोबाईल धरतो आणि रक्कम खात्यात जमा होते. हीच चौकट मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही छापलेली असते, याकडे मात्र घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

तिचा जन्म शाळेसाठी झाला नाही आणि दुकानासाठीही नाही. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ती मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केली. साध्या बारकोडमध्ये फारच थोडी माहिती मावत असे. नव्या चौकटीत आडवी आणि उभी अशा दोन्ही अंगांनी माहिती भरता आली. कारखान्यात तेल-काजळीचे डाग पडणारच, म्हणून चौकटीचा काही भाग, कमाल रचनेत सुमारे ३० टक्के, खराब झाला तरी ती वाचता यावी अशी सोय केली गेली. तिसरीच्या मुलाचे पुस्तक वर्षअखेरीस कोणत्या अवस्थेत असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. कंपनीने पेटंट स्वतःकडे ठेवले, परंतु वापराबद्दल कोणाकडून मोबदला घेतला नाही. त्यामुळेच ही चौकट जगभर पसरली.

ती पाठ्यपुस्तकात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर सोलापूर जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाकडे जाते. रणजितसिंह डिसले २००९ साली माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. मुलींची उपस्थिती हा तेथील मोठा प्रश्न होता. डिसले यांनी कविता ध्वनिमुद्रित केल्या, पाठांच्या चित्रफिती तयार केल्या, गोष्टी आणि स्वाध्याय जोडले आणि प्रत्येकाची चौकट पुस्तकाच्या पानावर आणली. शाळेत येऊ न शकलेल्या मुलीला घरच्या मोबाईलवर तोच पाठ पुन्हा ऐकता येऊ लागला. छापलेली चौकट तीच राहते, तिच्यामागील पाठ मात्र सुधारता येतो. पुस्तक नव्याने छापावे लागत नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली आणि त्यानंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही अशा चौकटी आल्या.

या साऱ्या प्रयोगात चौकटीवर झालेला खर्च जवळजवळ शून्य होता. लागले ते शिक्षकाचे श्रम. कोणता पाठ मुलांना जड जातो, कोणत्या शब्दापाशी वर्ग अडखळतो, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ती चित्रफीत बनविली. बाजारातून तयार आणलेल्या चित्रफितीत हे ज्ञान नसते. ती पडद्यावर लावून शिक्षक स्वतः मागच्या बाकावर बसला, तर वर्गाला केवळ एक चित्रपट पाहायला मिळतो.

येथे हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. शाळेला प्रोजेक्टर, संगणक किंवा डिजिटल फळा भेट देण्याची चाल व्यापारी कुटुंबांत चांगलीच रुळली आहे आणि तिच्यामागील भावना निर्मळ आहे. मात्र यंत्र ही भांडवली बाब झाली. त्याला खेळते भांडवल लागते: वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि पाठ तयार करण्यासाठी शिक्षकाला मिळणारा मोकळा वेळ. ही तरतूद नसेल तर वर्ष-दोन वर्षांत यंत्र कपाटात जाते आणि धूळ खात पडलेल्या मालाप्रमाणे केवळ नोंदवहीत शिल्लक दिसते. देणगीदाराचे नाव यंत्रावर कोरता येते, वीजबिलावर येत नाही. म्हणूनही असेल, पण दुसऱ्या खर्चाला दाते कमी मिळतात.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर घरात मोबाईल एक आणि मुले तीन, अशी स्थिती असंख्य कुटुंबांची होती. तो एक मोबाईलही दिवसभर वडिलांबरोबर कामावर. त्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ या कार्यक्रमाने प्राथमिक वर्गांचे पाठ कृतींच्या रूपाने घरोघर नेले. तंत्र जुने होते, पण दूरचित्रवाणी संच घरात होता आणि कार्यक्रमाची वेळ ठरलेली होती. नवेपणापेक्षा पोहोच महत्त्वाची, हे व्यापारात मुरलेल्यांना नव्याने शिकावे लागत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये डिसले यांना वार्की फाउंडेशनचा १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५५ हजार डॉलर आले आणि वेगवेगळ्या देशांतील वर्गांपर्यंत ही मदत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

यंदा शाळेला देणगी देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने धनादेश लिहिण्यापूर्वी मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारावेत: मागील यंत्रांच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, आणि नव्या यंत्रासाठी पाठ कोण, केव्हा तयार करणार? पहिल्याचे उत्तर शाळेच्या खर्चाच्या वहीत सापडेल. दुसऱ्यासाठी मात्र शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसावे लागेल.