महॉगनी गिटार

महॉगनी गिटार : लहान ध्वनिपेटीचे, विजेच्या साहाय्याविना वाजणारे पाश्चात्त्य तंतुवाद्य. गिटारची तबली (ध्वनिपेटीची दर्शनी फळी) सामान्यतः स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची आणि पाठ व बाजू शिसवी किंवा महॉगनीच्या असतात. या प्रकारात तबलीही महॉगनीचीच असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत स्वस्त वाद्य म्हणून तयार झालेल्या या गिटारी आज वादक व संग्राहक यांच्या दृष्टीने मोलाच्या ठरल्या आहेत.

इतिहास : सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खन येथे जन्मलेले वाद्यकार ख्रिस्टियान फ्रीड्रिख मार्टिन (१७९६–१८७३) हे १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेले व पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझारेथ येथे स्थायिक झाले. त्यांच्या कारखान्यात ध्वनिपेटीचे आकार अंकांनी दर्शविले जात. ‘०’ या आकाराच्या ध्वनिपेटीची खालच्या फुगीर भागाची रुंदी सु. ३४·३ सेंमी., तर ‘००’ ची सु. ३६·४ सेंमी. असते. नंतर रूढ झालेल्या ‘ड्रेडनॉट’ या मोठ्या आकारात ती सु. ३९·७ सेंमी. भरते. १९२२ मध्ये या कारखान्याने ‘२–१७’ ही संपूर्ण महॉगनीची छोटी गिटार काढली. आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारांसाठीच बांधलेले हे त्याचे पहिले नियमित वाद्य होय. १९४० मध्ये ‘०–१५’ हा आणखी साधा नमुना आला. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कारखान्याने १९५८ मध्ये ‘एलजी–०’ ही महॉगनीची गिटार बाजारात आणली. नक्षीकाम व कडांची सजावट टाळल्याने ही वाद्ये विद्यार्थी व सामान्य वादक यांना परवडत.

रचना व नाद : सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सु. ७० किग्रॅ. असतो. तो पेलण्यासाठी तबलीच्या आतील बाजूस एकमेकींना छेदणाऱ्या आधारपट्ट्या सरसाने चिकटविलेल्या असतात. महॉगनी स्प्रूसपेक्षा जड असून वजनाच्या मानाने तिचा ताठपणा कमी असतो. त्यामुळे आवाजाचा आवाका काहीसा मर्यादित राहतो; मूळ स्वर ठळक व उपस्वर सौम्य उमटतात. लहान पेटीत हवेचे आकारमान कमी असल्याने खर्जाचा घुमारा आटोपशीर राहतो. परिणामी प्रत्येक तार स्वतंत्रपणे ऐकू येते व गायकाच्या आवाजावर वाद्य कुरघोडी करीत नाही.

वसई परिसर : पश्चिम किनाऱ्यावर गिटारवर्गीय वाद्ये पोर्तुगीजांबरोबर आली. वसई १५३४ ते १७३९ या काळात त्यांच्या ताब्यात होती. त्या काळातील पोर्तुगीज ‘व्हियोला’ हेही लहान पेटीचे वाद्य असून त्यास आतड्याच्या तारांच्या जोड्या असत. गोव्यातील मांडो या गीतप्रकारात गिटार, व्हायोलिन व घुमट यांची साथ रूढ झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेस व स्थानिक वाद्यांस मुभा दिल्यानंतर मराठी भक्तिगीतांना पेटी व तबला यांबरोबर गिटारचीही साथ मिळू लागली. अशा समूहगायनाच्या साथीला छोट्या महॉगनी गिटारीचा सौम्य नाद अनुकूल ठरतो.

मात्र वसई–विरारचे खारे व दमट हवामान लाकडी वाद्याची परीक्षा पाहणारे आहे. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. लाकडातील पाण्याचे प्रमाण ४ टक्क्यांनी वाढले, तर ३४ सेंमी. रुंदीची महॉगनीची तबली सु. १·४ मिमी. रुंदावू पाहते. आडव्या आधारपट्ट्यांमुळे तिला पसरता येत नाही व ती मध्यभागी वर फुगते. घोडी उचलली जाते, तारा पडद्यांपासून दूर जातात व वादन जड होते. ओल व उष्णता यांमुळे सरसाचे सांधेही ढिले पडतात. पूर्ण वाळताना महॉगनीची फळी, योग्य रीतीने कापलेली असल्यास, सु. ३ टक्के आक्रसते; सिट्का स्प्रूसच्या बाबतीत हे प्रमाण सु. ४·३ टक्के असते. या स्थैर्यामुळे महॉगनी किनारी हवेत तुलनेने टिकाऊ ठरते.

जतन : वाद्याभोवतीची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे इष्ट असते. पावसाळ्यात ते ओलसर भिंतीवर न टांगता घट्ट पेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. दीर्घकाळ वाजवायचे नसल्यास तारा थोड्या सैल कराव्यात. जुने सांधे सरसानेच जोडावेत. उष्णता व ओलावा देऊन ते पुन्हा सोडविता येतात. कृत्रिम चिकटद्रव्याने घट्ट केलेला सांधा पुढील दुरुस्तीच्या वेळी लाकूड फाडल्यावाचून सुटतोच असे नाही. मूळ रोगण खरवडून नवे देणे हेही हानिकारक होय.

लाकडाची दुर्मिळता : महॉगनी हा मेलिएसी कुलातील अमेरिका खंडातील वृक्ष आहे. स्वीटेनिया महागोनी ही त्याची जाती १७९५ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणण्यात आली. बेसुमार तोडीमुळे संकटग्रस्त जातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा १९९२ मध्ये समावेश झाला. मोठ्या पानांच्या स्वी. मॅक्रोफायला या जातीच्या अमेरिकेतील नैसर्गिक व लागवडीच्या वृक्षांच्या लाकडावर २००३ पासून तसेच नियमन लागू झाले. पूर्वीच्या प्रतीचे, सावकाश वाढलेल्या जुन्या वृक्षांचे लाकूड त्यामुळे सहज मिळत नाही. म्हणूनच स्वस्त म्हणून घेतलेल्या जुन्या गिटारीची काळजीपूर्वक दुरुस्ती करणे आज तिच्या नादाइतकेच तिच्या लाकडासाठीही महत्त्वाचे ठरते.