डाव केव्हा सोडावा?

हाती घेतलेले कार्य तडीस नेणे हा सद्गुण आणि ते मध्येच टाकणे हा दोष, अशी शिकवण लहानपणापासून दिली जाते. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या तीन प्रती सांगितल्या आहेत. विघ्नांच्या भयाने आरंभच न करणारे ते कनिष्ठ, आरंभ करून विघ्न येताच थांबणारे ते मध्यम, आणि पुनःपुन्हा विघ्ने आली तरी कार्य न सोडणारे ते उत्तम. मराठीत 'आरंभशूर' हा शब्दही कोणी गौरवाने योजीत नाही. मुलाने हौसेने घेतलेला व्हिडिओ गेम अर्ध्यावर ठेवून दुसरा सुरू केला, की घरातील वडीलधारी मंडळी हाच दंडक त्यालाही लावतात. परंतु कार्याचा निकष खेळास जसाच्या तसा लागू पडतो काय? या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक खेळ जबलपूर येथे जन्मास आला.

हा खेळ म्हणजे स्नूकर. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेले जबलपूर त्या वर्षी इंग्रजांकडे गेले, आणि पुढे तेथे मोठी लष्करी छावणी वसली. १८७५ च्या पावसाळ्यात तेथील डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये अधिकारी बिलियर्डच्या मेजावर वेळ घालवीत असत. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने प्रचलित खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ तयार झाला. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे.) वुलिच येथील लष्करी विद्यालयात नवख्या विद्यार्थ्याला 'स्नूकर' म्हणत. एका सोबत्याचा सोपा फटका हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच नाव दिले, आणि ते खेळालाच चिकटले. १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लावण्यात आले. पुढे तो जगभर पसरला. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी २००३ साली त्याचा हौशी जगज्जेता ठरला.

स्नूकरमध्ये पंधरा तांबडे चेंडू प्रत्येकी एका गुणाचे असतात. पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा आणि काळ्याचे सात गुण मिळतात. तांबडे संपले म्हणजे उरलेल्या सहा रंगांची बेरीज सत्तावीस होते. अशा वेळी एखादा खेळाडू पन्नास गुणांनी मागे असेल, तर सगळे चेंडू घालूनही तो जिंकू शकत नाही. मग त्याला प्रतिस्पर्ध्यास अशा कोंडीत पकडावे लागते, की पांढऱ्या चेंडूने नेमका हवा तो चेंडू सरळ गाठताच येऊ नये. या कोंडीलाही स्नूकरच म्हणतात. तीत सापडून चूक झाली तर किमान चार गुण दंड पडतो. पन्नासांची पिछाडी भरून काढण्यास अशा चार-चार गुणांच्या सहा चुका घडवून आणाव्या लागतील. हे घडणे दुरापास्त आहे असे दिसले, की खेळाडू हात पुढे करतो आणि डाव सोडतो.

या सोडण्यालाही मर्यादा आहेत. ज्याची पाळी असेल त्यालाच डाव सोडता येतो, आणि ती माघार स्वीकारावी की नाकारावी हा हक्क प्रतिस्पर्ध्याचा असतो. जिंकण्यापुरते गुण मेजावर शिल्लक असताना डाव सोडणे मात्र अशिष्टपणाचे समजले जाते.

या शिष्टाचारामागे अनुभव आहे. १९८५ साली शेफील्ड येथे जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर हा स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध पहिले आठही डाव हरला होता. तरीही सामना सतरा-सतरा अशा बरोबरीस आला. शेवटच्या डावात डेव्हिसचे बासष्ट आणि टेलरचे चव्वेचाळीस गुण झाले असताना मेजावर चार चेंडू उरले होते. त्यांची बेरीज बावीस, आणि पिछाडी अठरांची. टेलरने चारही चेंडू घातले, आणि संपूर्ण सामन्यात प्रथमच आघाडी घेतली ती शेवटच्या चेंडूवर. याउलट २००६ साली यॉर्क येथे स्टीफन हेंड्रीविरुद्ध चार-एक असा मागे असलेला रॉनी ओसलिव्हन चालू डावात पुढे असतानाच हस्तांदोलन करून निघून गेला. पुढे त्यास मोठा दंड भरावा लागला. सामन्यात उरलेले डाव पुष्कळ होते. संपली होती ती केवळ इच्छा.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. त्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. अनेक जण मिळून संघाने खेळतात त्या खेळांत मध्येच निघून जाणाऱ्यामुळे सोबत्यांचा संघ लंगडा पडतो. म्हणूनच अशा कित्येक खेळांत त्याला काही काळ प्रवेश बंद केला जातो. हा न्याय स्नूकरच्या न्यायाशी जुळतो. एकट्याने खेळावयाच्या खेळाची गोष्ट निराळी. तेथे माघार स्वीकारणारा किंवा नाकारणारा कोणी समोर नसतो. डाव जेथे थांबला तेथेच तो जपून ठेवता येतो, आणि सहा महिन्यांनी परतणाऱ्यावर यंत्र रुसत नाही. असे काही खेळ दहापंधरा तासांत संपतात, तर काहींना शंभर तासही अपुरे पडतात. त्यांत पुष्कळदा आरंभी शिकलेले कौशल्यच पुढे पुनःपुन्हा वापरावयाचे असते.

म्हणून वडिलांनी मुलास 'पूर्ण केलास का?' असे विचारण्याऐवजी 'मेजावर काय उरले आहे?' असे विचारणे अधिक योग्य ठरेल. खेळात नवे काही उरले नसेल आणि कोणी खोळंबलेले नसेल, तर तो बाजूस ठेवण्यात आरंभशूरपणा नाही. भर्तृहरी बोलला तो कार्याविषयी. खेळाचे प्रयोजन आनंद हे आहे, आणि आनंद सरल्यावर केवळ हट्टाने खर्चिलेले तास दुसऱ्या एखाद्या खऱ्या कार्यातून उणे होतात. मात्र पहिल्याच अवघड टप्प्यावर प्रत्येक खेळ टाकण्याची सवय जडली असेल, तर तेथे भर्तृहरीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. बावीस गुण मेजावर असताना अठरांच्या पिछाडीस भिऊन उठणे आणि सत्तावीस उरले असताना पन्नासांची पिछाडी ओळखून हात पुढे करणे, या दोहोंतील अंतर ज्याला कळते, त्याने डाव सोडला तरी तो खेळ शिकला असेच म्हणावे लागेल.